आवड आणि परीक्षा

बँकेतील २७ वर्षांची नोकरी संपवून ५३व्या वर्षी मी इतिहासाच्या एम. ए.साठी प्रवेश घेतला, तेव्हा साताऱ्यातील आमच्या गल्लीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला, "आता पदवी घेऊन काय करणार?" आवड आहे तर पुस्तके वाचावीत, गड पाहावेत, व्याख्याने ऐकावीत, फी भरून आणि तीन-तीन तास पेपर लिहून काय मिळवायचे, असे त्यांचे म्हणणे. ज्या कर्मवीर अण्णांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला, त्यांच्या कर्मभूमीत हा प्रश्न पडावा याचे मला नवल वाटते. आम्ही आधी कमावले आणि मग शिकायला निघालो, एवढाच काय तो फरक.

तरीही प्रश्न टाळण्यासारखा नाही. माझा अनुभव असा, की घरी बसून जोपासलेली आवड आपल्याला रुचेल तेवढेच वाचू देते. मी ३० वर्षे लढाया आणि किल्ले वाचले. जमीनमहसूल हा विषय अभ्यासक्रमात नसता, तर त्यावरचे पुस्तक मी जन्मात उघडले नसते.

जुन्या कागदांच्या मोडी लिपीचेही तसेच. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे टांगलेली, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे मजकूर अंदाजाने वाचण्याचा मोह फार होतो. पेशवेकालीन पत्रातील 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात शुहूर सन ११६१; अरबी अंकशब्दांत लिहिली जाणारी ही तेव्हाची कालगणना. हा सन मृग नक्षत्रावर, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतो, म्हणून जानेवारीतील पत्र असेल तर त्यात ६०० मिळवायचे, म्हणजे १७६१, पानिपताचे साल; पावसाळ्यानंतरचे पत्र असेल तर ५९९, म्हणजे १७६०. मी सरसकट ६०० मिळवत असे. आमच्या सरांनी, जे माझ्याहून १५ वर्षांनी लहान आहेत, वहीवर लाल रेघ मारून लिहिले, 'महिना पाहिला का?' घरच्या कौतुकात अशी रेघ कोण मारणार?

या अभ्यासाचा पहिला फटका आमच्याच घराण्याला बसला. माळ्यावरच्या रुमालातील, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेल्या फडक्यातील, एक कागद म्हणजे साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांनी मूळ पुरुषाला दिलेली इनामाची सनद, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत मी तो वाचायला घेतला. कागद स्टांपाचा निघाला, वर व्हिक्टोरिया राणीचा छाप. साल शके १७९९, ईश्वर नाम संवत्सर, म्हणजे १८७७-७८. मजकूर गहाणखताचा होता. ओढ्याकाठचे शेत सावकाराकडे गहाण पडले होते. बँकेत उभी हयात तारण-गहाणाची कागदपत्रे तपासण्यात गेल्यामुळे असेल, पण दुसऱ्या ओळीतच माझ्या लक्षात आले.

पूर्वी मी हिरमुसून तो कागद परत बांधून ठेवला असता. आता मात्र ते साल डोळ्यांपुढून हलेना. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. त्याच्या आदल्या वर्षी, १८७५ मध्ये, पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते, आणि १८७९ साली सरकारने कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सातारा होता. इनामाच्या सनदेने मला एका पूर्वजाचा पराक्रम सांगितला असता. या गहाणखताने त्याच्या दाराशी आलेला दुष्काळ दाखवला. माझ्या प्रबंधिकेचा विषय आता कर्जाचे कागद हा आहे, किल्ले नव्हे.

धाकट्या काकांना हे मुळीच रुचले नाही. "एवढं शिकून घराण्याची सनद घालवलीस," असे म्हणून त्यांनी महिनाभर अबोला धरला. गेल्या रविवारी ते स्वतःच शिडी लावून माळ्यावर चढले, दुसरा रुमाल खाली घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "यातलं एखादं तरी इनामाचं निघतंय का, तेवढं बघ."