कोंबडीचे पैसे घेतले कुणी, तेवढं सांगा

रविवारपासून डोकं तापलंय. आज गुरुवार उजाडला तरी राग उतरत नाही, म्हणून लिहून टाकतेय.

बाबा तीन महिने सिडनीत आमच्याकडे होते. मंगळवारचं त्यांचं परतीचं विमान, म्हणून रविवारी सगळे मिळून बाहेर जेवायचं ठरलं. काय खायचं विचारलं तर म्हणाले, "ती पोर्तुगीज कोंबडी खाऊ या गो एकदा, तू फोनवर सांगायचीस ती." बाबा बांद्याचे. हद्द ओलांडली की गोवा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जायचं आणि येताना मिरच्या, माडाचं विनेगर आणायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलंय. मिरची पोर्तुगीजांनी अमेरिकेतून उचलली, ती आफ्रिकेत रुजली आणि गोव्यातही रुजली. स्वाहिलीत मिरचीला पिलीपिली म्हणतात, त्याचंच हे पिरी-पिरी, या पोर्तुगीज कोंबडीला फासतात तो तिखट मसाला. आफ्रिकेतलं मोझांबिकही पोर्तुगीजांचंच, त्याचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालायचा. आपलं कॅफ्रियल, ती गोव्याची हिरव्या मसाल्याची कोंबडी, तिकडूनच आली असं मानतात, आणि तिकडे झांबेझी नदीच्या मुलखात कोंबडीला नारळाचं दूध लावून निखाऱ्यावर भाजतात. नारळाचं दूध! बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले होते. तेव्हा हे नुसतं फास्ट फूड म्हणून आम्ही तिथे गेलो नव्हतो.

आता माझी चूक सांगते. पीटरशॅमला जायला हवं होतं. सिडनीतली पोर्तुगीज वस्ती ती, तिथल्या दुकानांत अजून खऱ्या कोळशावर भाजतात. कोंबडी पाठीतून चिरून पसरलेली, जाळीत दाबलेली. भाजणारा माणूस ती जाळी उलटीपालटी करतो, ब्रशने मसाला फासतो आणि मोठ्या कात्रीने तुमच्यासमोर तुकडे करतो. पण आम्ही राहतो पश्चिमेला, रविवारचं पार्किंग, दोन मुलं, बाबांचे गुडघे. त्यात ॲपवर त्या मोठ्या साखळीची सूट दिसत होती: ६० डॉलरच्या वर बिल झालं की १५ डॉलर कमी. शाखा घरापासून दहा मिनिटांवर. गेलो.

काउंटरवर फोन दाखवला. पोरगा म्हणाला, आमची शाखा या ऑफरमध्ये नाही. अहो, पाटी तीच, रंग तोच, ॲप तेच, ॲपने हीच शाखा जवळची म्हणून दाखवली, आणि ऑफर इथे नाही? त्याने बोटाने खाली सरकवत सरकवत एक बारीक ओळ दाखवली, "सहभागी शाखांमध्येच". चष्मा लावूनही वाचता येऊ नये इतकी बारीक. बाबा मागे उभे, मुलं भुकेली. तिथून परत फिरायचं? दिले पैसे. ६४ डॉलर ५० सेंट, वर रविवारचा १० टक्के अधिभार, झाले ७० डॉलर ९५ सेंट.

मग चाळीस मिनिटं. चाळीस! आमचा नंबर पडद्यावर तसाच. समोरून डिलिव्हरीवाले येत होते, पिशव्या उचलून जात होते. त्या पोरांवर माझा काडीचा राग नाही, ती पावसापाण्यात स्कूटर हाकतात. पण समोर पंचाहत्तरीचा माणूस बसलाय, त्याने पैसे आधी मोजलेत, त्याच्या आधी नंतरच्या दहा ऑर्डरी कशा निघतात? विचारलं तर उत्तर, सिस्टीम ठरवते.

आणि मग ती कोंबडी. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय की तुम्ही ऑर्डर दिल्यावर आगीवर ताजी भाजतो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तिथल्या पोराने स्टीलच्या खणातून आधीच भाजलेली कोंबडी काढली, जाळीवर दोन मिनिटं टाकली आणि डब्यात भरली. गरम ठेवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचं हा इथला नियम, त्यामुळे ते खायला सुरक्षित राहतं हे मान्य. पण त्या खणात पडून राहिलेल्या कोंबडीत रस कुठून राहणार? तंगडीचं कातडं सुरकुतून हाडाला चिकटलेलं. छातीचा तुकडा बोटाने उलगडला तर दोऱ्यासारखे पांढरे कोरडे धागे. वर काळ्या रेघा अगदी बरोबर उमटलेल्या, पण नाकाशी नेलं तरी धुराचा वास नाही. सगळ्यात तिखट मागितलं होतं, मी दोनदा सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे आणि बाबांकडे बघून आपल्या मनानेच लिंबाचा मवाळ मसाला लावून दिला असणार, कारण तिखट नावालाही नव्हतं. वेगळा सॉस मागितला तर त्या इवल्याशा डबीचे परत पैसे.

बाबांनी काय केलं? एकेक घास पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. एक शब्द बोलले नाहीत. आमच्या घरी अन्नाला नावं ठेवायची पद्धत नाही. शेवटी मलाच म्हणाले, "असू दे, पोटभर झालं." त्यांच्या पानात अर्धी तंगडी तशीच होती. बाबा पानात काही टाकत नाहीत हो. कधीच नाही.

मी डबा घेऊन काउंटरवर गेले. शिफ्ट मॅनेजर म्हणाला, तक्रार मुख्य कार्यालयाला करा, पैसे परत द्यायचा अधिकार मला नाही. रात्री घरी येऊन सविस्तर लिहिलं, फोटो जोडले, पावती जोडली. मंगळवारी, बाबांना विमानतळावर सोडून घरी आले तेव्हा उत्तर आलेलं: आमच्या शाखा स्वतंत्र मालकांच्या असतात, तुमचं म्हणणं संबंधित शाखेला कळवलं आहे. शाखेचा फोन लावला. तो वाजतो, आणि मग रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो की तक्रारीसाठी मुख्य कार्यालयाच्या वेबसाइटवर जा.

माझा खरा संताप इथे आहे. कोंबडी एखाद दिवशी बिघडते, माझ्याही हातून बिघडते. पण गिऱ्हाईक ओढायचं असतं तेव्हा तुम्ही सगळे एक. एक पाटी, एक जाहिरात, एक ॲप. पैसे परत द्यायची वेळ आली की मालक वेगळा, कंपनी वेगळी! शाखावाल्याची अडचण मला कळत नाही असं नाही. त्याने फ्रँचायझीसाठी घर गहाण टाकलेलं असतं, विक्रीतला हिस्सा आणि जाहिरातीची वर्गणी वर द्यायची असते, माल त्यांनी ठरवून दिलेल्याकडूनच घ्यायचा असतो, आणि सूट जाहीर करणारे वरचे, तिची झळ याच्या गल्ल्याला. २०१९ साली इथल्या संसदेच्या समितीने फ्रँचायझीच्या धंद्यातल्या अन्यायावर मोठा अहवाल दिला, त्यात शाखावाल्यांचे हाल आहेत. तो नाडला जात असेल तर त्याने वरच्यांशी भांडावं, मी त्याच्या बाजूने उभी राहीन. पण त्याची भरपाई माझ्या बापाच्या ताटातून का?

आणि कायदा तर स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा १ जानेवारी २०११ पासून लागू आहे. ज्याने विकलं त्याने निस्तरायचं, "कंपनीकडे जा" म्हणून गिऱ्हाइकाला हाकलता येत नाही. भिंतीवर ताजं लिहून खणातलं द्यायचं, याला दिशाभूल म्हणतात, आणि तीही याच कायद्यात बसते.

असा धंदा कसा उभा राहतो ते बघा. १९८७ साली जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल भागात फर्नांडो दुआर्ते आपल्या मित्राला, रॉबर्ट ब्रोझिनला, चिकनलँड नावाच्या एका साध्या दुकानात घेऊन गेला. कोंबडी इतकी आवडली की दोघांनी ते दुकानच विकत घेतलं, आणि त्याचं नँडोज झालं. (मी भांडतेय ती साखळी ही नव्हे.) एका दुकानातल्या चवीवर जगभर धंदा उभा राहिला. ती चव आगीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताची होती. रविवारी ज्या पोराने मला कोंबडी दिली त्याच्यासमोर फक्त टायमर होता. तोही बिचारा सतरा-अठरा वर्षांचा, माझ्याकडे बघून "सॉरी" म्हणाला. अख्ख्या साखळीत तो शब्द उच्चारणारा तेवढा एकच.

काल बाबांचा बांद्याहून फोन आला. पोचलो, प्रवास नीट झाला, वगैरे. मग म्हणाले, "शुक्रवारी म्हापशाला जातंय, लवंगी मिरची मिळाली तर ठेवतंय तुझ्यासाठी. पुढच्या खेपेक घराकडेच भाजूया." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पावती फ्रिजवर लावून ठेवलीय. शनिवारी ती घेऊन शाखेत जाणार आहे, मालक स्वतः भेटेपर्यंत तिथून हलणार नाही.