ट्रकमधली बॅग कोण उचलतं?

ज्येष्ठ लागला की व्हॉट्सॲपवर यादी फिरायला लागते. ‘वारीला जाताना सोबत काय घ्यावे?’ यंदा माझ्याकडे आलेल्या यादीत ६२ वस्तू होत्या. बसून मोजल्या मी. त्यात घडीची खुर्ची होती, डास मारायची रॅकेट होती, आणि ‘प्रसंगी उपयोगी पडेल म्हणून’ इस्त्रीसुद्धा होती. तंबूत तीस जणींचे मोबाइल एका बोर्डावर लोंबकळत असताना तिथे इस्त्री लावणाऱ्या बाईला मला एकदा डोळे भरून बघायचंय.

चेष्टा सोडा. पण ही यादी इतकी लांबते का, याचं उत्तर मला पहिल्याच वारीत मिळालं होतं. ट्रेकला जाणारा माणूस एवढं सामान घेतच नाही, कारण ते त्याच्याच पाठीवर असतं. स्पेनमधल्या कामिनो यात्रेला जाणारे तर पाठपिशवी काट्यावर ठेवतात, आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शावर जाऊ देत नाहीत. आपल्याकडे दिंडीची भिशी, म्हणजे वारीपुरती वर्गणी, भरली की जेवण, तंबू आणि ट्रक, तिन्हीची सोय होते. आपण टाळ वाजवत चालायचं, बॅग ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला. वजन आपल्याला लागतच नाही, म्हणून घरात भरतानाही कुणी हात आखडता घेत नाही.

पहिल्या वर्षी मी चाकांची बॅग नेली होती. १४ किलोची. पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, ३० किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट. संध्याकाळी पाय ओढत तंबूपाशी पोचले, तर दिंडीतला एक कॉलेजचा पोरगा ट्रकच्या फाळक्यावर उभा राहून बॅगा खाली देत होता. माझी देताना म्हणाला, “काकू, संसार आणलात का?” मी हसले. खाली चिखल. चाकं कसली फिरतायत! त्यानेच ती खांद्यावर घेऊन तंबूत आणून टाकली. दुसऱ्या दिवशी सासवडलाच मुक्काम होता, तेव्हा तो खांद्याला तेल चोळत बसलेला दिसला. पगारी हमाल नव्हता, सेवा म्हणून आला होता. पहाटे बॅगा चढवायच्या, ट्रकबरोबर पुढे जायचं, राहुट्या ठोकायच्या, संध्याकाळी उतरवायच्या. मग अंगात त्राण उरलंच तर भजनाला. त्याला वारीत चालायला कितीसं मिळालं असेल?

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. एका हाताने उचलून, खांद्याच्या वर धरून, दुसऱ्याच्या हातात देता येत नाही ती बॅग वारीला न्यायची नाही. घरीच करून बघा. आपल्यालाच जमत नसेल तर त्या पोराला का लावायचं?

मऊ कापडी बॅग घ्या, एकच. आणि तिच्यावर काहीतरी भडक शिवा. आमच्या ट्रकमध्ये सव्वाशे बॅगा, त्यातल्या शंभर काळ्या. अंधारात, पावसात, ट्रकपाशी “ती माझी, ती माझी” सुरू होतं. माझ्या बॅगेला जुन्या पिवळ्या परकराची पट्टी आहे. दिसायला हास्यास्पद, पण अजून चुकलेली नाही. नाव, फोन आणि दिंडीचा क्रमांक ऑइल पेंटने लिहायचा. पेनने लिहिलेलं पहिल्याच सरीत जातं. नुसता क्रमांकही लिहू नका. माउलींच्या पालखीत रथापुढच्या दिंड्यांचे क्रमांक वेगळे, रथामागच्यांचे वेगळे. ‘दिंडी क्र. १२’ एवढंच असेल तर शोधणारा बारा नंबरच्या चुकीच्या दिंडीत जाऊन उभा राहतो. रथापुढे की रथामागे, ते लिहाच. हेच सगळं चिठ्ठीवर लिहून खिशात आणि गळ्यातल्या पाकिटातही ठेवा. संध्याकाळी तळावर समाज आरतीला चोपदार दंड उंचावतात, लाखभर माणसांत एकदम शांतता होते, आणि मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते. चष्मे, पाकिटं, मोबाइल, पिशव्या. ती यादी एकदा लक्ष देऊन ऐका, काय न्यायचं नाही ते तिथेच कळतं. सोन्याची वस्तू घरी ठेवा, हे मी वेगळं सांगायला नको.

आता खांद्यावरची पिशवी. जुनी माणसं पडशी म्हणायची, आता कुणी शबनम घेतं, कुणी छोटी सॅक. खरी वारी या पिशवीवर चालते, आणि यादीवाले नेमके तिलाच विसरतात. ट्रक एकदा गेला की संध्याकाळपर्यंत दिसत नाही, कधी रात्र होते. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या ट्रकमधल्या बॅगेत ठेवून सकाळी निघणारी माणसं मी दर वर्षी बघते. गोळ्या खांद्यावरच हव्यात, दोन दिवसांच्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स सोबत. पाण्याची बाटली, ओआरएसच्या पुड्या, एक पेला (नाव घातलेला, नाहीतर चहाच्या रांगेतून दुसऱ्याचाच परत येतो), पंचा, सुई-दोरा, आधार कार्डाची प्रत, सुट्टे पैसे. हरिपाठाची छोटी पोथी. पाठ असला तरी असू द्या, ओळी विसरतात.

पाऊस म्हणाल तर लोक पुण्याचा पाऊस बघून सामान भरतात. सासवड, जेजुरी, वाल्हे इथवर ठीक. नीरा ओलांडून लोणंदच्या पुढे गेलात की तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. काही वर्षी तिथे आषाढातही ऊन असं भाजून काढतं की रेनकोटकडे बघवत नाही. जाड रेनकोटचा मला राग आहे. आतून घामाने भिजवतो, बाहेरून वाळत नाही, आणि ओला घडी करून ठेवला की दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅगेला वास. डोक्यावरून घ्यायचा साधा प्लॅस्टिकचा कागद, मागे लोंबणारा, कोपरे गळ्याशी बांधलेले. पाऊस थांबला की तोच खाली अंथरून बसता येतं. उन्हाला सुती उपरणं. छत्री दिंडीत नको, मागच्याच्या डोळ्यात जाते.

पायाबद्दल सगळेच सांगतात, मी एवढंच सांगते. नवं पायताण नको, आणि घट्ट तर नकोच, संध्याकाळी पाय सुजतात. बुटात पाणी गेलं की ते दोन दिवस वाळत नाहीत. मी जुन्या सँडल वापरते. मांड्या घासून सोलवटल्यावर काय होतं ते मात्र कुणी बोलत नाही. पहिल्या वर्षी मी फोडांनी नाही, त्याने रडले. सकाळी निघतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन. पुरुषांनीही. लाजू नका.

बायकांसाठी जरा वेगळं. याद्या बहुतेक पुरुषांनी केलेल्या असाव्यात, कारण ६२ वस्तूंत सॅनिटरी पॅड एकदाही नाही. वीस दिवसांची वाट, त्यात पाळी येऊ शकतेच. पॅड, ते गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं आणि एक बंद होणारी पिशवी खांद्यावरच्या सामानात ठेवा. पहाटे दोन-तीनला टँकरपाशी आंघोळ उरकायची असते, आडोसा मिळेलच असं नाही. अंगावर घालूनच आंघोळ करता येईल असा पातळ गाऊन न्या, आणि लगेच वाळतील असे कपडे, तीन जोड. चौथा लागत नाही. म्हाताऱ्या बायका दोन लुगड्यांत वारी करतात. ओलं लुगडं दोघी दोन टोकांना धरून चालतात, वाऱ्यावर तासाभरात कोरडं. मी ड्रायफिटचा टीशर्ट घेऊन त्यांच्या मागून चालत होते. तो ट्रकमध्ये दमट पडून कुजका वास मारायला लागला, त्यांचं लुगडं खडखडीत.

एक गंमत म्हणजे बॅग वाटेत वाढते. गावोगाव लोक हात जोडून केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं, टोप्या देतात. नाही म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. पण लागेल तेवढंच घ्यावं. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीकडे पंढरपूरजवळच्या भंडीशेगावला पोचेपर्यंत बिस्किटांचे एकोणीस पुडे साठले होते. तेही ट्रकमध्येच, त्या पोरांच्याच खांद्यावर.

माझी बॅग परवा भरून झाली. साडेपाच किलो. नवरा म्हणाला, “अजून जागा आहे, छत्री टाक.” छत्री मी परत कपाटात ठेवली आणि त्या जागी प्लॅस्टिकचा दुसरा कागद घडी करून ठेवला. पहिल्या वर्षी दिवे घाटात पाऊस आला तेव्हा माझा भारी रेनकोट १४ किलोच्या बॅगेत होता आणि बॅग ट्रकमध्ये. शेजारच्या आजींनी काही न बोलता त्यांच्या कागदात मला ओढून घेतलं होतं. आम्ही दोघी निम्म्या निम्म्या भिजत घाट चढलो.