मनिऑर्डरीवर वाढलेल्या कोकणाने तरी असं बोलू नये

परवा आमच्या वाडीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "घरबसल्या पैसे देऊन सरकारने बायकांना आळशी करून ठेवलंय." लिहिणारा आमच्याच भावकीतला, मुंबईत चांगल्या नोकरीला. खाली पटापट अंगठे पडले. मी तिथे गप्प राहिले, कारण मला जे म्हणायचंय ते दोन ओळींत मावणारं नाही. मला वाटतं, पाणीटंचाईच्या महिन्यांत तर वाडीतल्या बाईच्या हातात रोख पैसे पडायलाच हवेत.

माझं माहेर रत्नागिरीच्या संगमेश्वर तालुक्यात. आजोबा गिरणीत होते, लालबागला एका खोलीत गाववाल्यांसोबत राहायचे. महिन्याच्या ठरल्या दिवसांत पोस्टमन पाखाडी, म्हणजे आमची दगडी पायऱ्यांची वाट, चढताना दिसला की आजी हातातलं काम टाकून पडवीत येऊन बसायची. अंगठा उमटवायची, नोटा मोजून घ्यायची आणि कूपनावरच्या दोन ओळी पोस्टमनकडूनच वाचून घ्यायची. मग हिशेब सुरू. वाण्याची उधारी, काकाची फी, पेरणीचं भात, देवळाची वर्गणी. एका वर्षी तिने वाण्याला थांबवलं आणि दोन गडी लावून परसामागचा झरा कमरेइतका खोल करून घेतला. गणपतीला आजोबा आले ते तडकलेच. आजी म्हणाली, "पैसं मुंबैस्न येतात, पन पानी मी भरतंय. कुटं खरचायचं ता मीच ठरवनार." पुढच्या चैत्रात अर्धी वाडी त्या झऱ्यावर यायला लागली.

आपल्या जिल्ह्याला मनिऑर्डरीवर चालणारा जिल्हा म्हणायचे. त्या पैशांनी कोण आळशी झालं, मला एक नाव सांगा. उलट मनिऑर्डर थांबली तेव्हा काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पोस्टमन आमची पाखाडी चढेनासा झाला. मी दहा वर्षांची होते. आधी दुभती म्हैस गेली. मग आजीच्या कानातल्या कुड्या. मग काकाची शाळा. म्हैस परत घ्यायला आम्हाला सहा वर्षं लागली, आणि काका पुन्हा शाळेत गेलाच नाही.

आता कोणी म्हणेल, इथे दुष्काळाचा काय संबंध? कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पडतो ना. पण जांभ्या दगडातून तो झिरपून निघून जातो, उतारावरून वहाळात आणि वहाळातून खाडीत. शिमगा झाला की विहिरींचे तळ दिसायला लागतात. 2023 साली सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात कोकणातला एकही तालुका नव्हता. दुष्काळ जाहीर व्हायला पाऊस कमी पडावा लागतो, आणि आमच्याकडे पाऊस कमी पडत नाही, पाणी राहत नाही. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, धनगरवाड्यांना हे वर्षानुवर्षं माहीत आहे. टँकर येतो तो डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून पुढे डोक्यावर.

आणि हे नेमकं काजूच्या दिवसांत येतं. फाल्गुन ते वैशाख ही आमच्याकडे चार पैसे हाती येण्याची वेळ. ज्या बाईचे सकाळचे तीन तास झऱ्यावर नंबर लावण्यात जातात, ती काजूची बी गोळा करणार कधी? मग व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि मिळेल त्या दराने बी विकून मोकळं व्हायचं. गवत-पेंढा संपला की जनावर काढायचं. टंचाईत माणूस तहानेने मरत नाही, पण एकेक वस्तू हातची जाते, आणि पावसाळा आल्यावर ती परत येत नाही.

आमच्या वयनींना जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळतात. ग्रुपवाल्या भावाने त्यांना विचारायला हवं होतं. पहिल्या तीन हप्त्यांतून त्यांनी पाचशे लिटरची टाकी घेतली. मार्चपासून शेजारच्या तीन घरांनी मिळून पाण्याचा टेम्पो सांगायला सुरुवात केली, प्रत्येकी वाटून पैसे. झऱ्यावरची खेप एकवर आली. मोकळ्या झालेल्या सकाळी त्या काजूत गेल्या, आणि त्या वर्षी बी घाईने विकली नाही, पोती बांधून ठेवली आणि दर बरा आल्यावर दिली. कुठल्या अधिकाऱ्याने ही योजना आखली असती? टाकी दिली असती तर टेम्पोला पैसे नसते, टेम्पो दिला असता तर पाणी साठवायला टाकी नसती.

2020 ची खावटी आठवते का? कोविडच्या काळात आदिवासी कुटुंबांना 4000 रुपयांची मदत ठरली. त्यातले 2000 खात्यात आणि 2000 च्या वस्तू. रायगडात कातकरी माणूस भर पावसाळ्यात, चूल विझायला आली की वीटभट्टीवाल्याची उचल घेतो आणि दिवाळीनंतर पोराबाळांसकट ती फेडायला जातो. त्याच्या हातात श्रावण-भाद्रपदात रोख पैसे पडले तर ती उचल टळू शकते. डाळ-तेलाच्या पिशवीने पोट भरतं, पण उचल फिटत नाही. मला आजही वाटतं, ते सगळेच्या सगळे पैशांत द्यायला हवे होते.

दारूत जाईल म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 2011 साली मध्य प्रदेशात सेवा या बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत घरटी सगळ्यांना, मोठ्यांना 200 आणि मुलांना 100 रुपये, दरमहा विनाअट दिले. पुढे ते 300 आणि 150 केले. पैसे दारूत गेले नाहीत. खाणं सुधारलं, मुलं शाळेत टिकली, आणि लोकांनी काम कमी नाही, जास्त केलं. हे वाचलं तेव्हा मला आजीच आठवली.

उत्तर केनियात, तुर्काना-मार्साबितकडच्या गुराख्यांसाठी सरकार याहून पुढे गेलंय. गरीब घरांना दर दोन महिन्यांनी ठरावीक पैसे जातात, आणि उपग्रहाने चारा-झाडोरा सुकल्याचं दिसलं की त्या भागातल्या आणखी घरांना जास्तीची मदत जाते. गुरं विकायची वेळ येण्याआधी पैसा पोचावा, हा त्यामागचा विचार.

आपल्याला उपग्रहही नको. दरवर्षी जिल्ह्याचा टंचाई आराखडा होतो. ऑक्टोबर ते जून असे त्याचे तीन टप्पे, आणि त्यात गावं काय, वाड्यांचीसुद्धा नावं असतात. म्हणजे कुठल्या वाडीला एप्रिलमध्ये पाणी नसणार हे कागदावर आधीच लिहिलेलं आहे. मग त्याच यादीवरून त्या वाड्यांतल्या प्रत्येक घरी, चार महिने, घरातल्या बाईच्या खात्यात पैसे का जाऊ नयेत? तेही मार्चच्या आधी सुरू व्हावेत. जूनमध्ये येणाऱ्या मदतीने म्हैस परत येत नाही.

एक विनंती मात्र कळकळीची, यात सातबारा आणू नका. किसान सन्मानचे केंद्राचे 6000 आणि राज्याचे 6000 जमीन नावावर असलेल्यांना. आमच्या सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, उरलेली बोरिवली-डोंबिवलीत. कसणारी बाई त्यात कुठेच नाही. लाडकी बहीण 65 वर्षांपर्यंतच. आमची सत्तरीतली चुलती एकटी राहते, अजून कळशी तीच आणते. तिच्यासाठी श्रावणबाळ ही म्हाताऱ्यांची पेन्शन आहे, पण वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला हवा, आणि त्यासाठी तीन वेळा एसटीने तालुक्याला जाऊन ती आता दमलीय.

पैशाने विहीर खोदली जात नाही, हे मला मान्य आहे. बंधारे, सार्वजनिक टाक्या, झऱ्यांची दुरुस्ती ही कामं सरकारनेच करायची. वाडीत एकच टेम्पोवाला असेल तर पैसे आल्यावर तो भाव वाढवेल, तेही खरं, म्हणून टँकर बंद करून पैसे द्या असं मी म्हणत नाहीये. दोन्ही हवं. पण विहीर होईपर्यंतची वर्षं ती बाई काढणार कशी?

आता पैसे पोचवायलाही अडचण उरलेली नाही. पोस्टाच्या पेमेंट बँकेचं यंत्र घेऊन पोस्टमन दारात येतो, अंगठा लावला की पैसे हातात. वयनींच्या बोटांची सालं काजूच्या चिकाने गेलेली, त्यामुळे यंत्र तीन-तीनदा नाही म्हणतं. तो बिचारा ओल्या फडक्याने त्यांचं बोट पुसून पुन्हा लावून घेतो. पाखाडी तीच आहे.

1 मेच्या ग्रामसभेत टंचाईतल्या वाड्यांना रोख मदत मिळावी असा ठराव वयनी मांडणार आहेत. मसुदा मी लिहून दिलाय, कोणाला वाचायचा असेल तर मेसेज करा. ग्रुपवर लिहिणाऱ्या भावा, तू मे महिन्यात आंब्यांसाठी येतोसच, दोन दिवस आधी ये. सभेला बस, हवं तर विरोधात बोल. फक्त त्या दिवशी सकाळी वयनींबरोबर झऱ्यावर चल आणि एक कळशी घरापर्यंत आण.