ऑफलीची दलदल राहूनच गेली

आयर्लंडमधल्या ऑफली परगण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं वर्णन तिथल्या बर गावातल्या दुर्बिणीपाशीच संपलं. १८४५ ची ती ७२ इंची दुर्बीण थोरच, पण या भागाची खरी गोष्ट दलदलीत आहे. हिमनद्यांनी मागे टाकलेली खडी-वाळूची लांबच लांब टेकाडं, त्यांना तिकडे एस्कर म्हणतात. दलदलीतून पाय न भिजवता जायचं तर याच टेकाडांवरून. असा पूर्व-पश्चिम रस्ता जिथे शॅनन नदीला भिडतो, तिथेच सहाव्या शतकात क्लॉनमॅक्नॉइजचा मठ उभा राहिला. आज आडबाजूला वाटतं, तेव्हा तो हमरस्ता होता!

मी दोन वर्षं ऑफलीतल्याच टलामोर गावी होतो. शेजारचे आजोबा पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापलेल्या जळणाच्या मातीच्या, ओल्या विटा चार-पाच एकमेकींना टेकवून उभ्या करायचे, वारा आरपार जावा म्हणून. आपल्या गोवऱ्यांची आठवण यायची.

आणखी एक. १५५६ मध्ये इंग्लंडच्या मेरी राणीच्या राजवटीत इथल्या ओ'कॉनर घराण्याची जमीन हिसकावून इंग्रज वसवले आणि तिच्या नवऱ्यावरून, म्हणजे स्पेनच्या फिलिपवरून, ऑफलीचं नाव ठेवलं 'किंग्ज काउंटी'. शेजारचं लीश झालं 'क्वीन्स काउंटी'. हे लेखात हवंच होतं.