ड्रमवाल्याचं नाव सांगा

चिनूने फोनवर ‘डूबा डूबा’ लावलं आणि सहज म्हणाली, "मोहित चौहानचं हे जुनं गाणं काय मस्त आहे ना!"

बंड्याचा पोह्यांचा चमचा वाटेतच थांबला. "मोहित चौहानचं नाही. सिल्क रूट बँडचं."

"बंडूदादा, गातोय कोण? तोच ना?"

"गातोय तो. गाणं चौघांचं आहे."

इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या कोपऱ्यावर एका दुकानाचं शटर रविवारी उघडत नाही. त्या दुकानाच्या ओटल्यावर आमची बैठक असते. नाना बँकेतून निवृत्त झालेले, नाट्यसंगीतात बुडालेले. चिनू त्यांची पुतणी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. बंड्या दिवसा विजय नगरात कॉम्प्युटरसमोर आणि रात्री ड्रमसमोर. म्हणजे तो जे बोलणार त्यात ड्रमवाल्याचं जुनं दुखणं थोडं असणारच, हे धरून चालायचं. आणि मी, कॅसेटच्या जमान्यातला, दोन्हीकडून बोलणी खाणारा.

बंड्याने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. १९९८ साल, ‘बूंदें’ हा अल्बम, पाण्याखाली शूट केलेला व्हिडिओ. "टीव्हीवर किती लागायचं ते विचार याला," म्हणून माझ्याकडे बोट. खरं आहे. ती कॅसेट मी जेल रोडवरून आणली होती. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, तो भाग सोडा. ते एकच गाणं मागे-पुढे करकरून तेवढ्या जागची फीत घासली गेली होती आणि आवाज तिथे लडबडायचा. बाकीची गाणी मात्र शेवटपर्यंत नवीकोरी राहिली.

"बघ," बंड्या म्हणाला, "हाच तो श्रोता."

"पण एवढे भारी होते तर गेले कुठे?" चिनूने विचारलं. प्रश्न साधा होता, पण त्यावर पोहे गार झाले.

नानांकडे उत्तर तयार असतं. "चांगलं असतं ते टिकतं. टिकलं नाही म्हणजे कुठेतरी कमी होतं."

"नाना, हे भक्तिमार्गातलं बोलणं झालं." बंड्याने लगेच अमेरिका गाठली. मेम्फिस शहरातला बिग स्टार नावाचा बँड, पहिला अल्बम १९७२ चा. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण वितरणात असा घोळ की रेकॉर्ड धड दुकानांतच पोहोचली नाही. लोकांनी वाचलं, दुकानात गेले, हात हलवत परत आले. पुढे आर.ई.एम.सारख्या बँडांनी आपले गुरू म्हणून यांचं नाव घेतलं, तेव्हा कुठे शोधाशोध सुरू झाली. "सांगा, गाण्यात काय कमी होतं?"

"पण ते वर गेलेच नव्हते," चिनू म्हणाली. "पडायला आधी चढावं लागतं. चढून उतरलेला सांग."

मुद्दा बरोबर होता. मग बंड्याने मुंबईचा इंडस क्रीड हा बँड काढला. १९८४ मध्ये रॉक मशीन नावाने सुरू झालेली ही मंडळी, १९९३ मध्ये नाव बदललं. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीस मिळालं. आशियातल्या, भिया, नुसत्या अंधेरीतल्या नाही! १९९५ मध्ये नव्या नावाने अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँड मोडला.

"इंग्रजीत गाणार, मग दुसरं काय होणार," नाना म्हणाले.

इथे मला नानांची बाजू घ्यावी लागली, निदान अर्धी. त्या काळात छत्रीवाल्या डिशमधून नुकतीच गाण्यांची चॅनलं घरात आली होती. त्यांना दिवसभर दाखवायला माल हवा होता, आणि इंग्रजीत गाणारा, चांगला व्हिडिओ असलेला देशी बँड त्यांना आयताच मिळाला. पुढे त्याच चॅनलांच्या लक्षात आलं की पैसा हिंदीत आहे. सूत्रसंचालक हिंदी बोलायला लागले, इंडीपॉप आलं, मग सिनेमाची गाणी आली आणि शेवटी गाणीच कमी झाली. बँड तोच, वाजवणं तेच. ज्या खिडकीतून तो दिसत होता ती दुसऱ्या गल्लीकडे उघडायला लागली. त्यातले लोक २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले, २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ नावाचा अल्बम काढला. वाजवणं आधीपेक्षा पक्कं. ऐकणारे मोजके.

"पण सिल्क रूट तर हिंदीतच गात होते," चिनूने पकडलं.

म्हणूनच भाषेवर सगळं ढकलता येत नाही. माझं म्हणणं असं की आपल्याकडची गर्दी आवाजामागे जाते. गाणं म्हणजे गळा, बाकीचे साथीदार. आणि आपल्याकडे गळ्याला गिऱ्हाईक एकच, सिनेमा. त्याला चार माणसांचा बँड नको असतो. त्याच्याकडे संगीतकार आहे, वादक आहेत, पडद्यावर चेहरा आहे. कमी असतो तो फक्त आवाज. म्हणून तो येतो आणि नेमका आवाज उचलून नेतो. मोहित चौहानने २००७ मध्ये ‘तुम से ही’ गायलं, २००९ मध्ये ‘मसक्कली’. २०११ मध्ये तर ‘रॉकस्टार’ नावाचा सिनेमा आला आणि त्यातल्या नायकाचा आवाज हाच. बँडमधून निघालेल्या माणसाला रॉकस्टार होण्यासाठी सिनेमात जावं लागलं, ही गोष्ट मला अजून गमतीची वाटते.

"त्याने काय करायचं होतं मग? उपाशी राहायचं?" चिनू.

"त्याला कोण दोष देतंय?" बंड्या म्हणाला. "चांगलं केलं त्याने. मी फक्त म्हणतोय की गाणं त्याच्या एकट्याच्या नावावर चढवू नका."

नाना इतका वेळ जलेबी तोडत गप्प होते. ते म्हणाले, "यात नवीन काय आहे? किर्लोस्कर कंपनीचं हेच झालं." आणि मग आम्हाला १९१३ मध्ये घेऊन गेले. बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले. बरोबर गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस. तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर कंपनीने मग मास्टर दीनानाथांवर भिस्त ठेवली, तर १९१८ मध्ये तेही गेले आणि बलवंत मंडळी उभी राहिली. "नाटकं तीच, पदं तीच, पडदे तेच. गळा गेला की तिकीटबारी गेली. दोनदा गेली."

दीनानाथांचं नाव आलं की नाना शीख मोहल्ल्यात लताबाईंच्या जन्मघरापाशी जाऊन थांबतातच. १९२९ सालचं ते सगळं आम्ही ऐकून घेतलं. इंदूरच्या मराठी माणसाला हे टाळता येत नाही आणि टाळूही नये.

"म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने आहात," बंड्या खूश झाला. "आता सांगा, सिल्क रूटमध्ये ड्रम कोण वाजवायचं?"

कोणीच बोललं नाही. चिनू फोनकडे हात नेत होती, तो त्याने अडवला. "केनी पुरी. बघा! तीन रसिक बसलेत आणि एकालाही माहीत नाही."

"ठीक आहे," नाना म्हणाले. "किर्लोस्कर कंपनीचा तबलजी सांग."

आता बंड्या गप्प.

"मलाही माहीत नाही. म्हणून तर म्हणतो, हे एमटीव्हीने केलेलं नाही."

बंड्याकडे मात्र घरचा दाखला होता. त्यांच्या बँडला एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी फोन आला. पैसे ठरले, तारीख ठरली. मग संयोजक म्हणाला, "असं करा ना, सिंगर आणि कीबोर्डवाला पाठवा. ऑक्टोपॅडवाला आमच्याकडे आहे, बाकीचं ट्रॅकवर होऊन जाईल." बंड्याला सगळ्यात जास्त काय लागलं, तर तो माणूस अगदी गोड बोलत होता. त्याच्या हिशोबाने तो मदतच करत होता. पाच माणसांचं मानधन, ड्रमसेट आणायला छोटा हत्ती, माइक लावून आवाज जुळवायला दोन तास. आणि हे सगळं कशासाठी, तर शेवटी मुलं नाचणार तीच गाणी, जी ट्रॅकवरही वाजतात. हिशोब चुकत नाही, हीच पंचाईत आहे. चार-पाच जणांनी मिळून एक गोष्ट करणं बाजाराला महागच पडतं. गर्दी मोठी असेपर्यंत ते निभतं. गर्दी पातळ झाली की पहिली कात्री कोणावर, हे सांगायला नको.

"मग इंडियन ओशन बँड कसा टिकला?" मी विचारलं. हे नाव काढलं की नानाही सरसावून बसतात, त्याचं कारण ‘मा रेवा’. नर्मदेचं ते पारंपरिक गाणं या बँडने ‘कंदीसा’ या २००० सालच्या अल्बममध्ये घेतलं. त्यातला बेस वाजवणारा राहुल राम नर्मदा आंदोलनात काम करून आलेला. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी इंदूर १९७८ पासून पितंय, तेव्हा या गाण्यावर आमचा थोडा हक्क आहे असं नाना मानतात. बँडचं बाकीचं काही ते ऐकत नाहीत.

बंड्याचं उत्तर मला पटलं. बँडमधले असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवायचे आणि वाजवता वाजवताच गायचे. त्या माणसाचा गळा हातापासून सुटा करून न्यायचा कसा? ‘बंदे’ हे सिनेमाचंच गाणं, ‘ब्लॅक फ्रायडे’चं, सिनेमा कोर्टात अडकला आणि २००७ मध्ये लागला, पण गाणं आधीच तोंडी झालं होतं. तिथेही सिनेमाला अख्खा बँड घ्यावा लागला. २००९ च्या डिसेंबरमध्ये असीम गेले. त्यांच्या जागी दोन माणसं आली, एक गायला आणि एक तबल्याला. २०१३ मध्ये गिटारवाले सुस्मित सेन बाहेर पडले, म्हणजे १९९० मध्ये ज्या दोघांनी बँड सुरू केला त्यांतलं कोणीच उरलं नाही. तरी पुढच्या वर्षी ‘तंदानू’ आला आणि बँड अजून वाजवतोय.

"माझ्या वर्गात एकालाही हे नाव माहीत नसेल," चिनू म्हणाली.

"नसेल. पण ज्यांना माहीत आहे त्यांना पाचही जणांची माहीत आहेत."

"आणि तेच लोक दर कार्यक्रमात ‘कंदीसा, कंदीसा’ ओरडतात," मी म्हणालो. हे मी मुद्दाम बोललो, कारण या निष्ठावंतांचं कौतुक जरा जास्तच होतं. गर्दी बँडला विसरते, पण निष्ठावंत त्याला वीस वर्षांपूर्वीच्या जागेवरून हलू देत नाहीत. नवीन गाणं सुरू झालं की चहाला उठणारे मी पाहिलेत.

"बालगंधर्वांचंही तेच," नाना म्हणाले. "वय झालं, आवाज थकला, तरी लोक जायचे आणि तीच पदं मागायचे. माझे वडील त्यातलेच."

"वडील तिकीट काढून जायचे ना?" बंड्याने विचारलं. "इंडियन ओशनने २०१० मध्ये अख्खा अल्बम इंटरनेटवर फुकट दिला, दर महिन्याला एक गाणं. कारण कमाई रेकॉर्डमधून नाहीच, कार्यक्रमातून. आता इंदूरला आले तर तुम्ही पाचशेचं तिकीट काढाल?"

"सानंद संस्थेची वर्गणी भरतो की मी."

"ती नाटकाची, नाना."

"मग? नाटकाला जाऊन मी नुसता पडदा बघतो का?" नानांनी हात पुसले. "बसायची सोय आहे का ते विचार. उभं राहून ऐकायचं असेल तर मी येणार नाही. आणि तुझ्या त्या ड्रमवाल्याला सांग, जरा हळू."