शिवी म्हणजे विनोद का?

तासाभराचा विनोदी कार्यक्रम, त्यातले सगळ्यात घाणेरडे चाळीस सेकंद कापायचे, शिवीवर 'बीप' टाकायचा आणि खाली तीच शिवी एक अक्षर गाळून ठळक लिहायची. झालं रील तयार! त्या बीपचा उपयोग काय? सातवीतलं पोरगंही गाळलेली जागा क्षणात भरतं. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच, आईवरून नि बहिणीवरून. मागे हशा वाजत असतो ना, म्हणून पोरांना वाटतं, समोरच्याला रडवलं की आपण भारी.

यूट्यूबवर पहिल्या 7 सेकंदांत जहाल शिवी आली तर जाहिरातीचे पैसे कमी मिळायचे. जुलै 2025 मध्ये तीही अट काढून टाकली! आता तोंड सांभाळेल कोण?

आणि पालक यूट्यूबचा 'रिस्ट्रिक्टेड मोड', म्हणजे मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गाळणारी सेटिंग, लावून निर्धास्त. अहो, तो प्रत्येक फोनवर, प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळा लावावा लागतो. पोरगं आजोबांच्या फोनवर बघतंय त्याचं काय? रील शेवटपर्यंत बघितलं, मित्राला पाठवलं, की तसलीच आणखी दहा समोर. निदान तो बघण्याचा इतिहास तरी पुसा, आजोबांच्या फोनवरचासुद्धा!