नाद सोडा, कामाला लागा

कोल्हापुरात पोरानं काही भारी केलं की चौकातली मंडळी म्हणतात, ‘नाद खुळा!’ तेच पोरगं घरी गेलं की सोप्यात बसलेला बाप म्हणतो, ‘नाद सोड.’ शब्द तोच, फक्त उंबरा ओलांडायचा अवकाश. प्रस्तुत लेख बापाच्या बाजूनं लिहिलेला आहे. चौकाची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडं वेळही भरपूर आहे. तीच तर तक्रार आहे.

आधी हिशेब करा. आठवड्याचे तास 168. एका मोठ्या उद्योगपतींनी 2023 साली तरुणांना सांगितलं, आठवड्याला 70 तास काम करा. आपण त्यावर वाद घालत बसलो, म्हणजे पुन्हा वेळच घालवला. तोवर 2025 च्या जानेवारीत दुसऱ्या एका मोठ्या साहेबांचं बोलणं बाहेर आलं: 90 तास हवेत, आणि रविवारी घरी बसून बायकोचं तोंड तरी किती वेळ बघणार? तर 168 मधून 90 गेले, राहिले 78. रोजची आठ तास झोप धरली तर आणखी 56 गेले. उरले 22. त्याला सातानं भागा. 22 भागिले 7 म्हणजे शाळेत शिकलेला पाय. म्हणजे उरलेल्या वेळात आपण गोल गोल फिरणार हे गणितानंच ठरवून टाकलंय. या रोजच्या तीन तासांत आंघोळ, जेवण, दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल आणि बायकोचं तोंड, सगळं उरकायचं. मिसळ बसवता येईल, पण कट परत मागायचा नाही.

संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊ नका. जायचंच असेल तर मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून चाला. चालणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. कठड्यावर नुसतं बसून तळ्यातल्या संध्यामठाकडं बघत राहिलं, की ओळखीचे तीन जण थांबून विचारतात, ‘काय पावणं, बरं नाही काय?’ तब्येत बरी असून माणूस बसू शकतो, हे आता कोणाला पटत नाही. तेव्हा बसायचंच झालं तर फोन कानाला लावून बसा आणि अधूनमधून ‘येस सर’ म्हणा. सूर्य खुशाल बघा. कोणाचं लक्ष जाणार नाही.

यापेक्षा अवघड जागा म्हणजे रविवारी सकाळचा पंचगंगा घाट. तिथं चित्रकार बसतात. कोल्हापूरला हा जुनाच आजार आहे. परवा एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर बसले होते. मांडीवर बोर्ड, त्यावर चारी बाजूंनी पट्टी लावून ताणलेला कागद, शेजारी पाण्याचे दोन डबे, एक ब्रश धुवायला आणि एक चांगल्या पाण्याचा. मी पोचलो तेव्हा त्यांनी आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, नुकताच टाकला होता. मला वाटलं, आता पुढचं करतील. ते काहीच करेनात. बोर्ड जरा तिरका धरून कागदावरून पाणी खाली कसं सरकतंय एवढंच बघत होते. पाच मिनिटं झाली. दीपमाळेवर ऊन आलं. एक बाई घागर भरून गेली, कपडे आपटणारीनं दोन चादरी पिळल्या. मास्तर तसेच.

मी म्हटलं, ‘मास्तर, थांबलाय कशाला?’

‘ओलं हाय अजून.’

‘मग तोवर खालचं देऊळ करा की.’

‘कडा मिसळत्यात. ओल्यावर दुसरा वॉश टाकला की चिखल होतोय सगळा. बसा जरा, कुठं आग लागलीया?’

आमच्या शेजारी शिरोलीला फौंड्री असलेले एक गृहस्थ उभे होते. माझ्या बाजूनं बोलतील या आशेनं मी त्यांच्याकडं पाहिलं. तर ते म्हणाले, ‘आमच्यात बी तसंच. साच्यात कास्टिंग निवू द्याला लागतंय. घाईनं साचा फोडला की तडा जातोय.’ एका उद्योजकानं असं जाहीर ठिकाणी बोलावं याचं मला वाईट वाटलं. पण त्यांनी लगेच घड्याळ बघितलं, कोणाला तरी फोन लावून ‘अजून झालं न्हाई व्हय रे?’ असं खडसावलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

तुमच्या घरात असा मास्तर तयार होऊ नये यासाठी सोपा उपाय आहे. कलेला आळा घालू नका, तिला परीक्षा लावा. पोरगं चित्रं काढतंय असं दिसलं की एलिमेंटरीला बसवा, मग इंटरमिजिएटला. तिथं ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण मिळाले की ब्रश माळ्यावर. ही पद्धत इतकी चोख आहे की माझ्या पाहण्यातल्या डझनभर घरांत कलेचा उपद्रव पंधराव्या वर्षीच संपला. एका घरात माळा आवरताना रंगपेटी सापडली. आतल्या वड्या तडकल्या होत्या, फक्त पांढरी कोरी होती. पोरगं आता पुण्यात असतं. पॅकेज चांगलं आहे, मान दुखते.

काही वाचक आता इतिहास काढतील, म्हणून मीच आधी काढतो.

कोटितीर्थ तलावाच्या काठाला आबालाल रहिमान नावाचे चित्रकार राहायचे. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला माणूस. मुंबईत राहून साहेबलोकांची पोर्ट्रेटं रंगवली असती तर बंगला बांधला असता. ते कोल्हापूरला परत आले आणि कोटितीर्थाचं पाणी रंगवत बसले. सकाळचं पाणी, संध्याकाळचं पाणी. पाणी तेच हो! त्याच तळ्याच्या शेजारी शाहू महाराजांनी 1906 साली कापडगिरणीचा पाया घातला. म्हणजे बघा, एका अंगाला भोंग्यावर उठणारं, भोंग्यावर जेवणारं कोल्हापूर आणि दुसऱ्या अंगाला हा माणूस, तळ्यावर ढगाची सावली कधी येते याची वाट बघत बसलेला. माझ्यासारखा सल्लागार त्या काळात असता तर आबालालना सरळ गिरणीत छापाच्या नक्षीकामाला लावलं असतं. महाराजांनी काय करावं? दरबारी चित्रकार नेमलं!

या राजाचं मला कोडंच आहे. 1902 साली संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, राधानगरीचं धरण हाती घेतलं, शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली. इतका कामाचा माणूस. आणि तोच माणूस पैलवानांच्या खुराकावर पैसा ओततो, 1912 साली खासबागेत कुस्तीचं मैदान उभं करतो, त्याला लागून 1915 साली पॅलेस थिएटर काढतो. धरण समजू शकतो, पण दोन माणसं मातीत लोळतात ते हजारो रिकाम्या माणसांना नीट दिसावं म्हणून एवढा खर्च?

आता ताळेबंद मांडू. गिरणी बंद पडली, भोंगा थंड झाला. खासबागेत मात्र मैदान असलं की आजही शड्डूचा आवाज बाहेरच्या रस्त्यापर्यंत येतो. आणि आबालालनी रंगवलेली चित्रं टाउन हॉलच्या संग्रहालयात भिंतीवर आहेत. हा ताळेबंद चुकलेला आहे असं माझं मत आहे. कुठं चुकलाय ते सापडलं की कळवीन.

बाबूराव पेंटरांचंही तेच. नाटकाचे पडदे रंगवायचा बरा चाललेला धंदा होता. पण बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव या दोघांना सिनेमाचा नाद लागला. कॅमेरा विकत घ्यायला पैसे नाहीत, तर आपणच करू म्हणाले. 1916 साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी नाद सोडला नाही. शेवटी कॅमेरा फिरला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या पोरांनी 1929 मध्ये इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली. एका माणसाचा नाद वेळीच न सोडवल्यानं किती घरं नादाला लागतात, याचं यापेक्षा वाईट उदाहरण मला माहीत नाही.

एक उदाहरण मात्र माझ्या बाजूचं आहे, असं मला परवापर्यंत वाटत होतं. अल्लादिया खाँसाहेब. शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. तरुणपणी हा माणूस इतका गायला, इतका गायला की आवाजच गेला. याला म्हणतात कामाची निष्ठा! मी हे उदाहरण एका भाषणात द्यायचं ठरवलं होतं. मग एका जाणकारानं पुढची गोष्ट सांगितली. जुना आवाज काही परत आला नाही. खाँसाहेबांना गप्प राहावं लागलं, आणि मग जो आवाज हाती उरला त्याला मानवेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. आज आपण जिला जयपूर-अत्रौली म्हणतो ती हीच. भाषणातून उदाहरण काढून टाकलं. गाण्याची बैठकही मी टाळतोच. एकदा गेलो होतो. बाई तंबोरा घेऊन बसल्या, खुंटी पिळली, तारेखालचा जवारीचा दोरा अर्धा केस इकडं सरकवला, परत तिकडं सरकवला. दहा मिनिटं नुसतं जुळवणंच चाललं होतं. ही दहा मिनिटं कोणाच्या खात्यावर टाकायची? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, जुळल्यावर हॉलमधली माणसं एकदम गप्प झाली, त्यात मीही होतो.

पॅलेस थिएटरचं पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री मी गेलो होतो, अर्थात नुकसानीचा अंदाज घ्यायला. गर्दीत माझ्या शेजारी एक माणूस बनियनवरच आला होता, पायात चपला दोन जोडांच्या. रडत होता. मला वाटलं, आत याचं कँटीन असेल किंवा नाटक कंपनीचं सामान.

‘तुमचं काय होतं आत?’ मी विचारलं.

‘माझं काय असणार?’ तो म्हणाला. ‘मी मागच्या रांगंत बसायचो.’

ही नुकसानी कुठल्या रकान्यात भरायची हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. म्हणून तो मुद्दा इथंच सोडतो.

राहता राहिला कट्टा. पेठेत प्रत्येक तालमीला एक कट्टा असतो आणि प्रत्येक कट्ट्याला पाच-सहा माणसं. ही माणसं काय करतात? बसतात. फुटबॉलच्या मोसमात कोणत्या तालमीच्या संघातल्या पोरानं कुठून गोल मारला यावर चार-चार तास बोलतात. मॅच नव्वद मिनिटांची, चर्चा महिन्याची. पण कोणाच्या घरी रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी काढायला हीच माणसं आधी येतात. एवढी दक्षता असताना दिवसा कामं का करत नाहीत, हा माझा सवाल आहे. ‘उद्योगाचे घरी ऋद्धी-सिद्धी पाणी भरी’ ही म्हण मी एका कट्ट्यावर ऐकवली. एक जण म्हणाला, ‘मग त्यास्नी बी सुट्टी द्या की एक दिस.’

शेवटचा सल्ला प्रत्यक्ष प्रयोगावरून देतो. रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन कामाचा वेग कसा वाढवता येईल याची मी पाहणी केली. म्हशी तिथंच बांधलेल्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसासकट धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. मला दहाच्या ऑनलाइन मीटिंगला हजर राहायचं होतं. एका कानात यंत्र होतंच. त्यातून साहेब विचारत होते, या तिमाहीत आपण किती चपळ झालो. मी गवळ्याला म्हटलं, ‘मालक, जरा लवकर.’

तो म्हशीपाशी उकिडवा बसला. सडांना पाणी लावलं, कास अंगठ्यानं चोळत राहिला. धार काही येईना.

‘झालं काय?’

‘पान्हा सोडू द्या की आधी.’

‘किती वेळ लागतो त्याला?’

‘ते तिला इचारा.’

मी म्हशीकडं बघितलं. ती रवंथ करत होती. जबडा एकदा डावीकडून उजवीकडं, मग परत. डोळे अर्धे मिटलेले. कानात साहेब माझं नाव घेऊन विचारत होते, ‘आर यू देअर?’ गवळ्यानं तिच्या पोटाला डोकं टेकवलं आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणायला लागला. शेजारी पेला धरून उभ्या असलेल्या चौघांपैकी एकालाही घाई दिसत नव्हती. मी आवाज बंद केला. आपला. आणि मग साहेबांचाही.